एकही बाण नसलेला मुजाब

दानूरने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला तेव्हा वुर्यानीबाईंना वाटलं, पोराने साळिंदर काढलंय. मधोमध एक गोळा, आणि त्याला चहूकडून टोचलेले बाण.

"हे काय रे?"

"बू, ही आपली कंपनी आहे." आईला तो, सगळ्या ऑफिससारखाच, बू म्हणे.

"आणि हा मधला भोपळा?"

"तो मी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. शाळा चौथीतच सुटली होती, पण चित्र बघायला कुठे शाळा लागते? शेजारी बसलेल्या पाहुणीकडे त्यांनी मान वळवली. "पोरी, तू सांग. हा सांगतो तेव्हा अर्धं पोटातच ठेवतो."

पाहुणीचं नाव तिउर्मा सिरेगार. उत्तरेकडची, बाताक जमातीची. बोलायची ती सरळ दगड मारल्यासारखी. सेमारांग शहरातली मऊ बोलायची माणसं ती बोलली की डोळे मिटून घ्यायची. बाईंना मात्र ती पहिल्याच दिवशी आवडली होती.

बाईंच्या नवऱ्याने एका बोअरयंत्रावर ही कंपनी काढली. कुणाला इमारत बांधायची असली की जमिनीत किती खोल गेल्यावर चिखल संपून पक्कं लागेल, हे सांगायचं, धंदा एवढाच. समुद्राकडचं अर्धं सेमारांग दरवर्षी बोटभर खाली जातं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली; तेव्हापासून मालकी बाईंची, साहेब दानूर. आता जाकार्ताची एक मोठी कंपनी ही कंपनी आपल्यात घेणार होती. पण घ्यायचं काय? यंत्रं गंजलेली, टेबलं डुगडुगती. घेण्यासारखी होती ती बेचाळीस डोकी. कोणत्या डोक्यात काय आहे ते बघायला तिउर्माला पाठवलं होतं.

"मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला," तिउर्मा म्हणाली. "काम अडलं की कोणाला विचारता? तीन नावं लिहा. ज्याच्याकडे जास्त बाण, त्याच्याकडे जास्त ज्ञान. पहिलं नाव सगळ्यांनी दानूरचं लिहिलं. दुसरं पाक प्रिहादींचं."

पाक हा मानाचा शब्द, आणि प्रिहादी म्हणजे मुख्य इंजिनिअर. नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. बाईंचा लाडका.

"आणि ज्यांना एकही बाण नाही?"

"सात जण. ते जाकार्ताच्या कंपनीत जाणार नाहीत. यादी बुधवारी द्यायची आहे." तिने बोट फिरवलं. "दोन ड्रायव्हर, एक टायपिस्ट... आणि हा मुजाब. बोअरमधून निघालेल्या मातीच्या गोदामातला. पेट्यांचे फोटो काढून माती फेकून द्या, असं जाकार्तावाले म्हणतात."

मुजाबसाठी बाईंचा जीव तुटला वगैरे नाही. सव्वीस वर्षं तो मातीच्या पेट्यांवरची धूळ झाडतोय एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांना टोचलं ते दुसरंच. त्या मुलाकडे वळल्या.

"बेचाळीस माणसं अडली की तुला विचारतात? तुला? काल मीठ कुठंय म्हणून तू मला हाक मारलीस. मीठ तुझ्या हाताखाली होतं."

"बू, पाहुण्यांसमोर..."

"पाहुणी कसली, घरात जेवतेय ती." मग तिउर्माला, "तू कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवली होतीस का?"

"उलट! फॉर्मवर स्वतःचं नावही लिहायचं नव्हतं. खोटं कशाला लिहितील?"

"तुमच्याकडे माणूस तोंडावर बोलतो, म्हणून तुला कळत नाही. इथे साहेबाच्या आधी दुसऱ्याचं नाव लिहायचं म्हणजे साहेबाचं ताट ओलांडून जायचं. मेला तरी कोणी लिहिणार नाही."

तिउर्माने पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा नकाशा खोटा?"

"नकाशा खरा आहे. फक्त तो ज्ञानाचा नाही, अदबीचा आहे." बाईंनी भाताचा डबा तिच्याकडे सरकवला. "वाढून घे. चुकीची सात डोकी बाहेर घालवलीत तर जाकार्तावाल्यांच्या हाती काय येईल? गंजकं यंत्र आणि माझा हा भोपळा. गेलेलं डोकं परत येत नाही, पोरी, मी एक घालवून बसले आहे. उद्या लेबारानच्या, ईदच्या सुटीनंतर ऑफिस उघडतंय. सकाळी माझ्याबरोबर चल. टेबलं बघायची."

"टेबलांवर काय असतं?"

"खाऊ."

लेबारानला सगळं ऑफिस गावी जातं आणि येताना पिशव्या भरून आणतं. पण त्यातही गोम आहे. वर्षभरात ज्याने अडचणीत हात दिला, त्याला इथे कोणी आभार म्हणून सांगत नाही. त्याच्या टेबलावर काहीतरी ठेवायचं आणि निघून जायचं. तोंडाने न मोजलेले उपकार हाताने मोजायचे.

सकाळी दोघी निघाल्या. दानूरच्या टेबलावर खोक्यांचा मनोरा होता, चकचकीत फिती, वर चिठ्ठ्या. प्रिहादीच्या टेबलावर तसाच, एका खोक्याने कमी.

"बघ!" बाईंची मान ताठ झाली. "मी म्हटलं नव्हतं? प्रिहादी. माझी नजर चुकत नाही."

तिउर्माने एक खोका उचलला. "पण यावर देणाऱ्याचं नाव केवढ्या अक्षरात आहे. आणि सगळं दुकानातलं." तिने खोका परत ठेवला. "बू, हे आभार आहेत की मुजरा?"

बाईंना राग आला. मग त्यांना आठवलं, त्या स्वतः दर लेबारानला वॉर्डातल्या साहेबांकडे दुकानातला मोठा खोका पाठवत, वर नाव घालून. आणि दानूरच्या वेळी जिने अडलेलं बाळंतपण सोडवलं त्या सुईणीकडे? तिच्याकडे घरचा पदार्थ घेऊन स्वतः जात, आणि पायरीवर ठेवून परत फिरत.

"मुजरा आहे," त्या म्हणाल्या. आपली नजर चुकली हे कबूल करायची त्यांची तेवढीच रीत. "बिननावाचं शोध. घरात केलेलं. केळीच्या पानातलं."

मग त्या दोघी अशा फिरल्या की ऑफिसातल्या माणसांना वाटलं, म्हातारीचं काहीतरी हरवलंय. आराखडे काढणाऱ्या एका मुलीच्या टेबलावर तीन पुड्या निघाल्या. तिउर्माने लिहून घेतलं. हिशेब बघणाऱ्याकडे एक, अर्धी खाल्लेली. बाकी टेबलं कोरडी. तिउर्माची वही भरेना आणि बाईंचा पारा उतरेना. तेवढ्यात मागच्या दारातून आंबवलेल्या भाताचा गोड वास आला.

"गोदामात कोण जेवतंय?"

गोदामात कोणी जेवत नव्हतं. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लांबट पेट्या, पेट्यांत तीस वर्षांची माती, गल्लीच्या आणि सालाच्या चिठ्ठ्या लावलेली. आणि खिडकीखालच्या फळीवर, दोन सालांच्या मधल्या जागेत, केळीच्या पानातल्या पुड्या. आंबवलेला भात, शिजवलेले कसावाचे कंद, तांदळाच्या कुरड्या, मिरचीच्या ठेच्याची बाटली. तिउर्माने मोजल्या. एकोणीस.

मुजाब ओल्या फडक्याने पेटी पुसत होता. हडकुळा, साठीला टेकलेला, सदऱ्याच्या खिशाला मातीचे डाग. बाईंना बघून तो वाकला आणि फडकं हळूच पुड्यांवर टाकलं.

बाईंनी ते तितक्याच हळू उचललं. "ही दोन काड्यांची घडी मी ओळखते. प्रिहादीच्या बायकोची आहे."

"अशी घडी सगळ्यांकडेच घालतात, बू."

"मुजाब, खोटं बोलायला तोंड लागतं, ते तुला नाही. काय विचारायला येतात तुला?"

"काही नाही. येतात, बसतात."

"बसून काय करतात? मातीला वारा घालतात?"

तो कसाबसा हसला. मग जपून बोलू लागला, जसं काही पेटी उघडताना माती सांडेल. "एखादं बोअर असतं. कागदावर वाळू दिसते. पण सतरा वर्षांमागे त्याच गल्लीत आम्हाला वाळूच्या खाली काळा चिखल लागलेला असतो. मी ती पेटी काढतो. चिमूट चोळून बघतो. तेही चोळतात. मग जातात."

"आणि अहवालात लिहितात कोणाचं नाव?" तिउर्माने विचारलं.

"अहवाल त्यांचा. माती कंपनीची."

"मग तुमचं काय?"

मुजाब विचारात पडला. हा प्रश्न त्याला नवा असावा. "मला बघायला मिळतं ना," तो म्हणाला.

तिउर्मा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "पाक मुजाब, सरळ सांगते. तुमचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत आहे. कोण कोण येतं ती नावं द्या, मी आज नकाशा बदलते."

त्याचा हात थांबला. त्याला हे माहीत नव्हतं. तो फडक्याच्या घड्या करू लागला.

"नावं दिली तर उद्या कोणी येणार नाही," तो म्हणाला. "शिकलेली माणसं आहेत. गोदामवाल्याला विचारतात हे वर कळलं तर तोंड कुठे लपवतील? आणि कोणी आलंच नाही तर मी राहून करू काय, धूळ झाडू? लिहा तुम्ही. मला कोणी विचारत नाही."

"आणि तुम्ही फॉर्मवर कोणाचं नाव लिहिलंत?"

"दानूरदादांचं," मुजाब म्हणाला. "साहेब आहेत."

बाहेर आल्यावर तिउर्मा वही आपटत म्हणाली, "नावं घेतली तर ज्ञान आटतं, नाही घेतली तर माणूस जातो. असा धंदा मी कुठे पाहिला नाही!"

बाई तडक घराकडे वळल्या.

घर ऑफिसच्या आवारातच होतं. दुपारी त्यांनी नारळाच्या दुधातली कोंबडी शेगडीवर ठेवली आणि पातेलं आपणहून भिंतीकडे सरकलं. बाईंनी नेहमीसारखा हात लावून थोपवलं. शेगडीच्या भिंतीकडच्या पायाखाली चार विटा होत्या, वरून फुलाफुलांचा पडदा. सहा वर्षांत चार विटा. सगळ्या शहराला न खचण्याचा सल्ला देणाऱ्या कंपनीच्या मालकिणीचं स्वयंपाकघर खचतंय, हे बाईंनी पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पातेलं धरून उभ्या असताना त्यांच्या मनात आलं, प्रिहादी तरी वेगळं काय करतो? तो पुडी ठेवतो, मी पडदा लावते.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळे जमले. लेबारान झाला की हे असतंच: रांगेने यायचं, मोठ्यांचा हात कपाळाला लावायचा, वर्षभराचं चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं, मग जेवायचं. बाई वडीलधाऱ्या म्हणून खुर्चीवर. बेचाळीस कपाळं हाताला लागून गेली. जेवणाची झाकणं उघडणार, तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी माफी मागितली. आता मी मागते. नऊ वर्षं मी तुमच्यापुढे शहाणपणा मिरवते आहे. माझं स्वयंपाकघर खचतंय."

दानूरच्या हातातला डाव तसाच राहिला. "बू, काय बोलतेस?"

"चार विटा झाल्या. पाचवी मागवणार होते. काय करावं मला समजत नाही." त्यांनी मान वर केली आणि मागच्या रांगेकडे बघितलं. "मुजाब, मी तुला विचारते आहे. येशील का बघायला?"

मागच्या रांगेत मुजाब उभ्या उभ्या इतका आक्रसला की सदराच उरला. "येईन, बू."

"मोठ्याने."

"येईन!"

कोणीतरी फसकन हसलं. मग बाईच म्हणाल्या, "हसा. मालकिणीला विचारताना लाज वाटली नाही, तर तुम्हाला कसली?" आणि तिउर्माकडे हात पुढे केला. "आण तो फॉर्म."

तिउर्माकडे कोरे फॉर्म होतेच. बाईंनी भाताच्या झाकणावर कागद ठेवून, एकेक अक्षर रोवत, एकच नाव लिहिलं. बाकीच्या दोन ओळी कोऱ्या. घडी घातली नाही. उघडाच ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

सगळे प्रिहादीकडे बघत होते, म्हणजे बघत नाही असं दाखवत होते. त्याने इस्त्रीच्या बाह्या ओढल्या. कानापर्यंत लाल झाला होता.

"सिरेगारबाई," तो म्हणाला, "माझा आधीचा फॉर्म... जरा घाईत भरला होता. दुसरा मिळेल?"

मग आराखड्यांची मुलगी उठली. मग एक तरुण इंजिनिअर. दानूरने डाव खाली ठेवला, आईकडे बघितलं आणि तोही रांगेत उभा राहिला. जेवण गार झालं, पण त्या दिवशी बाईंनी कोणाला रागावलं नाही.

बुधवारी जाकार्ताला यादी गेली नाही. गेला तो दुसरा नकाशा, आणि दानूरच्या सहीचं पत्र: गोदाम आणि मुजाब यांना वगळून बोलणी होणार नाहीत, बाकीच्या सहा जणांचंही पुन्हा बघू. या नकाशात भोपळ्याला बाण चारच होते. दानूर तो बघून म्हणे बराच हलका झाला.

गुरुवारी मुजाब स्वयंपाकघरात आला. त्याने पडदा बाजूला केला, विटा बघितल्या. कोपऱ्यातली फरशी उचलून हातभर खणलं, माती चोळली, हुंगली. दानूर आणि तिउर्मा दारात उभे होते.

"बू, घराआधी इथे काय होतं?"

"माळ."

"माळ नाही. पुन्हा आठवा."

बाईंना असं कोणी बोललं नव्हतं. त्या तोंड उघडणार, तोच मुजाबच्या तळहातावरची ती काळी, चिकट माती त्यांना दिसली. तिचा वास कुठूनतरी ओळखीचा होता.

"तळं," त्या सावकाश म्हणाल्या. "छोटं. मी लग्न होऊन आले तेव्हा होतं. सासूची बदकं असायची. मग तिने बुजवायला लावलं... केळीची खोडं टाकली, घरचा कचरा टाकला, वर माती."

मुजाबने खिशातून पेन्सिल काढली आणि आगपेटीएवढ्या वहीत लिहू लागला. "हे माझ्या कुठल्याच पेटीत नाही, बू."

"बू, हे तू मला कधी सांगितलं नाहीस," दानूर म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

"बदकं पाण्यातून वर कुठून यायची?" मुजाबने विचारलं. त्याचे डोळे चमकत होते. "उतार असलेल्या बाजूने येतात ती. दुसरीकडे खोल असतं."

बाईंनी पदर खोचला आणि फरशीवर बसल्या, खड्ड्याच्या काठाशी, मुजाबच्या शेजारी. डोळे मिटले. चाळीस वर्षांमागच्या बदकांची रांग शोधायला वेळ लागतो. तिउर्माने वही उघडली, पण लिहिलं नाही. तीही वाट बघत राहिली.

"इकडून," बाई म्हणाल्या आणि पाणी ठेवायच्या रांजणाकडे हात केला. "नाही, थांब. पुढचं बदक लंगडं होतं, ते चढाला घाबरायचं... दाराकडून."

"म्हणजे खोल इकडे," म्हणत मुजाबने रांजण सरकवला आणि तिथे खणायला घेतलं.