कुठे दुखतंय

नेत्राने केबल ओढून काढली, तिचं टोक ओढणीला पुसलं आणि पुन्हा लॅपटॉपला लावली. टॅबवर चार्जिंगची खूण उमटली. तेवढंच. लॅपटॉपच्या पडद्यावर चकती फिरली, फिरत राहिली, आणि मघाचीच ओळ आली. डिव्हाइस सापडले नाही.

"समोर तर आहे," ती म्हणाली. "तुझ्या समोर ठेवलाय."

आतल्या खोलीतून ओवीचं रडणं येत होतं. सकाळपासून रडून घसा बसला होता, आता नुसतं कण्हणं उरलं होतं. मधूनच ते एकदम चढायचं, भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ भावेशचा.

"भिंतीवर नाही, बाळा. माझ्या हातावर आपट. हे बघ, इथे. ये."

ओवी नऊ वर्षांची होती आणि बोलत नव्हती. ऐकायची सगळं, कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नसे. तिचे शब्द टॅबमध्ये होते. पडद्यावर चौकोन, चौकोनात चित्र, आणि चित्रावर बोट ठेवलं की नेत्राच्या आवाजात शब्द. एकेक चित्र शोधून, एकेक शब्द बोलून नेत्राने ते लॅपटॉपवर बनवले होते आणि तिथून टॅबमध्ये पाठवले होते. चारेक वर्षांचं काम होतं ते. पट्ट्याला अडकवलेला टॅब गळ्यात घालून ओवी घरभर फिरायची. भावेश अंबरनाथच्या फॅक्टरीतून घरी आला की दारातच 'बाबा' दाबायची, मग 'गाढव' दाबायची आणि खिदळत पळून जायची. ते दोन शब्द असे एकत्र करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तिला ताप भरला. संध्याकाळी दवाखान्यात नेलं तर नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. ओवीने त्याच्यासमोर टॅब धरून 'दुखतंय' दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली.

"कुठे दुखतंय ते सांगते का?" त्याने विचारलं.

नेत्राने टॅबकडे बघितलं. 'दुखतंय' होतं. कुठे, ते नव्हतं. सुचलंच नव्हतं कधी.

डॉक्टरने पोटाला हात लावला तशी ओवीने लाथ मारली. तोंड उघडेना. मानेच्या वर तर ती कुणालाच हात लावू देत नसे, वेणी घालतानाही घरात रोजची लढाई व्हायची. भावेशने धरून ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा ती अशी किंचाळली की बाहेर बसलेले पेशंट दारात आले. डॉक्टरने तापाचं औषध लिहून दिलं. "पोटाचं असू शकतं. उद्यापर्यंत उतरला नाही तर ॲडमिट करून सगळ्या तपासण्या कराव्या लागतील," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तिने नुसतं बोट दाखवलं असतं तरी बरं झालं असतं."

म्हणून रविवारी उजाडताच नेत्रा लॅपटॉप घेऊन बसली होती. एका मुलीचं चित्र शोधून तिने त्याचे भाग पाडले. पोट, पाय, पाठ, सगळं. प्रत्येक भागाला आवाज दिला. मांडीवरच्या आजारी लेकराला थोपटावं तसा, हळू. मग टॅब जोडला, आणि लॅपटॉपने टॅब ओळखायलाच नकार दिला. आदल्या दिवशीच लॅपटॉप अपडेट झाला होता. सगळं जरा वेगळं दिसत होतं, बटणांच्या जागा बदलल्या होत्या. ॲपच्या मदतीच्या पानावर उपाय दिला होता : टॅबवरचं ॲप काढून टाका, पुन्हा घ्या. नेत्राने काढून टाकलं. पुन्हा घेतलं. उघडलं तर पांढरे चौकोन, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक अधिकचं चिन्ह.

ओवी तेवढ्यात उठून आली होती. तिने टॅब घेतला, नेहमीच्या जागी 'दुखतंय' दाबलं. काही झालं नाही. जोरात दाबलं. मग अंगठ्याने, मग मुठीने. शेवटी तिने टॅब पालथा करून नेत्राच्या मांडीवर ठेवला आणि आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

आता भावेश खोलीच्या दारात आला. त्याचा उजवा तळहात लाल झाला होता.

"नेत्रा, राहू दे ते. घेऊन जाऊ तिला."

"नेऊन काय सांगणार? काल तरी 'दुखतंय' होतं. आज तेही नाही."

"म्हणजे?"

"पुसलं गेलं. मीच काढलं ॲप. तिथे लिहिलं होतं तसं केलं."

 आतून पुन्हा धप् आवाज आला आणि तो धावत गेला.

नेत्राने लॅपटॉप आणि टॅब पिशवीत भरले. "धर्मेशकडे जाऊन येते," ती दारातून ओरडली. "लॅपटॉपमध्ये असणार सगळं. नुसतं जोडून द्यायचंय."

मांजर्लीतल्या घरापासून उल्हासनगरच्या कॅम्प पाचपर्यंत तिने स्कूटर कशी नेली ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिथल्या गल्लीत रविवारमुळे निम्मी दुकानं बंद होती. धर्मेशच्या मोबाइलच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. त्याच्याकडूनच टॅब घेतला होता. ओवी काच फोडायची तेव्हा काचही तोच बदलून द्यायचा. नेत्रा वाकून आत शिरली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगू लागली. एकाच दमात, मागचं पुढे, पुढचं मागे.

"ताई, बसा पहिले. पाणी घ्या."

"नको. तुम्ही बघा."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. "अपडेटने लफडा केलाय," तो म्हणाला. "तुमचं ॲप जुनं, सिस्टिम नवीन. दोनों एक दूसरे को पहचानतेच नाहीत. मागचं व्हर्जन टाकून बघतो. टाइम लगेगा."

"चालेल."

चालणार नव्हतं. फोन वाजला, भावेश होता. "ताप वाढलाय. पाणीसुद्धा घेत नाहीये. तू कुठे आहेस?"

"होतंय. आलेच."

ती काउंटरची कड नखाने खरवडत राहिली. धर्मेश मध्येच काही सांगायचा, ती मान हलवायची. पडद्यावरून नजर काढली तर काम थांबेल, अशी ती बघत होती. अखेर लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, धर्मेशने टॅब लावला आणि टिंग असा आवाज आला.

"पहचान लिया!" तो म्हणाला.

ॲपने नवी चौकट उघडली. दोन्ही उपकरणे सारखी करायची का?

धर्मेशचं बोट थांबलं. त्याने नेत्राकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "हो, करा ना."

हिरवी पट्टी भरत गेली. पूर्ण झाले, अशी ओळ आली. नेत्राने टॅब ओढून घेतला. पांढरे चौकोन. लॅपटॉपकडे बघितलं. तिथेही पांढरे चौकोन, ओळीने, रिकामे. दोन्ही सारखे झाले होते. टॅबमधलं रिकामपण लॅपटॉपमध्ये गेलं होतं.

 धर्मेशने दोन-चार ठिकाणी उघडून बघितलं, कपाळावरून हात फिरवला. बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली, "खुला है क्या?" तो न बघताच म्हणाला, "बंद है."

नेत्रा स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. चार वर्षं. 'गाढव' बोलताना तिला स्वतःलाच हसू फुटलं होतं आणि ते हसूही त्या शब्दात राहून गेलं होतं. ओवी मुद्दाम पुन्हा पुन्हा दाबून ते ऐकायची.

"ताई," धर्मेश हळू म्हणाला. "एक बोला. हे ॲप सगळ्यात पहिलं कशात टाकलं होतं? या टॅबमध्येच?"

"नाही. माझ्या फोनमध्ये. जुन्या. ती लहान होती तेव्हा."

"तो फोन?"

"कपाटात असेल. बंद पडलाय."

"चार्जिंगला लावा. चालू झाला तर त्यात सुरुवातीचं काहीतरी असेल. पण नीट ऐका." त्याने बोट वर केलं. "त्याला नेट नाही मिळालं पाहिजे. सिम काढून टाका, वायफाय बंद. घरचं वायफाय त्याला माहितेय, तो आपोआप पकडेल. पकडलं की तो पण सारखा करून टाकेल. समजलं ना? साफ."

नेत्रा घरी पोचली तेव्हा कण्हणंही थांबलं होतं. ती शांतता तिला रडण्याहून वाईट वाटली. खोलीच्या कोपऱ्यात ओवी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, डावीकडे मान टाकून. शेजारी भावेश, पाण्याचा पेला हातात धरून. त्याने नुसतं वर बघितलं. नेत्राने मान नकारार्थी हलवली.

"मी डॉक्टरांना फोन केलाय," तो म्हणाला. "घेऊन या म्हणाले. इंजेक्शन देऊन झोपवतील आणि मग सगळं तपासतील."

"झोपवून?"

"मग काय करतील, नेत्रा? हात तरी लावू देते का ती?"

"दहा मिनिटं दे मला."

कपाटाच्या खणात वायरींच्या गुंत्याखाली फोन सापडला. तो सुरू करण्याआधी तिने हॉलमधल्या वायफायच्या डब्याची पिन भिंतीतून उपटली. डब्यावरचे दिवे एकदम गेले. मग सिम असल्याची शंका आली म्हणून सुईने कप्पा उघडून पाहिला, रिकामा होता. चार्जर लावला. पडदा काळाच राहिला. ती फोन दोन्ही तळव्यांत धरून ओट्याशी उभी राहिली. खूप वेळाने बॅटरीचं चित्र उमटलं.

ॲप उघडलं. एकच पान होतं. ओवी शाळेत जायला लागली तेव्हाचं, नेत्राने घाईघाईने बनवलेलं पहिलं पान. आई. बाबा. पाणी. खाऊ. शू. आणि एक पिवळी बस, शाळेची गाडी खाली आली की दाखवायला. 'दुखतंय' तेव्हा नव्हतं.

"बस एवढंच?" भावेश म्हणाला.

 नेत्राने फोन ओवीच्या गुडघ्यांवर ठेवला. ओवीने डोळे उघडले. चित्रं बघितली, एकेक. मग बोट पुढे आलं.

"आई," फोनमधून नेत्राचाच आवाज आला. जुना, जरा लहान वयाचा. मागे कुकरची शिट्टी होती.

"हो बाळा, इथेच आहे मी. आणखी? पाणी हवंय? पाणी दाब."

ओवीचं बोट फिरलं आणि पिवळ्या चित्रावर टेकलं.

"बस."

"आज बस नाही येणार, सोन्या. आज रविवार आहे ना."

"आई," फोन म्हणाला. "बस."

"शाळेत जायचंय का तिला?" भावेशने विचारलं.

"तापात काही सुचत नसेल." नेत्रा उठली. डोक्यात पुढचं सुरू झालं होतं. यात नवीन चित्रं टाकता येतील का, नेटशिवाय, फोटो काढून, एखाद्या बाहुलीचा फोटो... "त्या कपाटात बघ, छोटी वायर आहे ती. मी लॅपटॉप आणते."

तिचा कुर्ता मागून ओढला गेला. ओवीने त्याची कड मुठीत पकडली होती. दुसरा हात फोनवर होता.

"आई. बस."

नेत्रा वळली. लेकीचे डोळे तिच्यावर लागले होते. लाल, सुजलेले, आणि न हलणारे.

"आई. बस. आई. बस."

भावेश वायर घेऊन दारात आला होता, तो तिथेच थांबला.

नेत्रा खाली बसली. फरशीवर, भिंतीला टेकून.

ओवीने फोन बाजूला ठेवला. ती सरपटत आली आणि आईच्या मांडीत चढली. आता ती मांडीत मावत नव्हती, पाय बाहेर पसरले. खूप वेळ तिने काहीच केलं नाही. नेत्रानेही केलं नाही, थोपटलंसुद्धा नाही. मग ओवीने आईचा हात मनगटाशी धरला, उचलला आणि आपल्या केसांत नेला, डाव्या बाजूला, वेणीच्या मागे. वर स्वतःचे दोन्ही हात ठेवून घट्ट दाबून धरला.

नेत्राच्या बोटांखाली कानामागची जागा निखाऱ्यासारखी तापली होती. टणक सूज आली होती. आणि बोटांना काहीतरी चिकट लागलं.



"भावेश," ती अगदी हळू म्हणाली, हात न हलवता. "रिक्षा बोलव. पोट नाहीये. कान आहे."

त्याने हातातली वायर खाली टाकली आणि चप्पल न घालताच जिन्याकडे धावला. नेत्राने उठण्यासाठी पाय जवळ घेतले, तशी ओवीने एक हात सोडवून फोन चाचपला.

"बस," फोन म्हणाला.

रिक्षा खाली येऊन हॉर्न वाजवेपर्यंत नेत्रा जागची हलली नाही.