गळ्यातलं कापड

आमच्या सलूनचा एकच नियम. गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड आहे तोवर वाद घालायचा नाही. तो म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर "खरंय साहेब" म्हणायचं आणि कात्री चालवायची. आमच्या ठोंब्याला, म्हणजे दुकानातल्या रोबोला, मी पहिल्याच दिवशी हे शिकवलं. माझीच अक्कल, दुसरं काय!

एकदा मोठ्या हॉटेलचा दरवान दाढीला आला. त्याच्या झुपकेदार मिशांसोबत फोटो काढायला लोकांची झुंबड उडायची. खुर्चीत रेलून तो म्हणाला, "काय छळ आहे या मिशांचा! चहा प्यावा तर निम्मा याच पितात. उडवूनच टाकाव्यात."

"खरंय साहेब," ठोंब्या म्हणाला, आणि उडवल्या.

गडी तडक कोर्टात गेला. त्याच्या वकिलानं ठोंब्याला दरडावलं, "तू हे मुद्दाम केलंस!"

"खरंय साहेब."

आमचा वकील धडपडत उठला. "तू मुद्दाम केलं नाहीस!"

"खरंय साहेब."

लोक फिदीफिदी हसले. मला मात्र दरदरून घाम फुटला. गुन्हा शाबीत झाला की ठोंब्या भंगारात जाणार होता, आणि आमच्या हिनं तर त्याला पोटच्या पोरासारखा जीव लावलेला.

जज्जबाई वैतागल्या. "म्हणजे तुला मोडीत काढलेलंच बरं!"

"खरंय बाईसाहेब."

"अरे मुडद्या, नाही म्हण ना!" मी ओरडलो. आणि तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. जज्जबाईंच्या गळ्यात पांढरं कापड. दोन्ही वकिलांच्या गळ्यात पांढरं कापड. ठोंब्याच्या लेखी अख्खं कोर्ट हजामतीला बसलं होतं!

दुकानातून तसाच धावत आलो होतो, कापड खांद्यावरच होतं. शिपाई आडवा आला, त्याला बाजूला सारलं आणि ते कापड मी ठोंब्याच्या गळ्यात बांधलं.

"आता तुम्ही गिऱ्हाईक. बोला साहेब, काय म्हणणं आहे?"

ठोंब्यानं गळ्यातलं कापड चाचपून पाहिलं. मग म्हणाला, "मिशा गेल्या, वाईट झालं. पण मला भंगारात जायचं नाही. मला दुकानात यायचंय. आणि मालक, तुम्ही फार भिकार गाता."

"खरंय साहेब," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते.

जज्जबाईंनी स्वतःच्या गळ्यातलं पांढरं कापड सोडलं आणि टेबलावर ठेवलं. ठोंब्याकडे बघून म्हणाल्या, "खरंय साहेब. जा घरी."