मंगळवारचं पाणी

"इंग्रजांचं राज्य बुडवायला जगात दोनच मुलूख पुरेसे आहेत. एक आयर्लंड आणि दुसरा आपला वऱ्हाड," असं उत्तमराव वकिलांनी १९२० साली अकोल्याला, मोर्णाकाठच्या गोवर्धन माळ्याच्या मळ्यात जाहीर केलं. ऐकायला नऊ माणसं आणि मोटेचे दोन बैल होते. मान हलवली ती डावीकडच्या बैलाने.

तरी मंडळ निघालं. आयरिश माणूस बटाट्यावर जगतो, असं उत्तमरावांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं होतं. म्हणून शपथ बटाट्यावर हात ठेवून झाली आणि दर हिवाळ्यात गोवर्धनने एक वाफा बटाट्याचा लावायचा, असं ठरलं. काळ्या मातीला हे धोरण कधी पटलं नाही. बटाटे बोराएवढे निघत. सभासद ते सालासकट, आदराने खात.

बारा वर्षं गेली. नवांचे चार उरले. आज उत्तमराव अमरावतीहून विसर्जनाचा ठराव लिहूनच आले होते. पायात खडावा होत्या. विलायती बूट सोडल्याची ती खूण, आणि मंडळाच्या कामगिरीत दाखवण्याजोगी म्हणाल तर तेवढीच.

"तिकडचे लोक पिढ्यान् पिढ्या टिकले," ते विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या काठावर, बसून म्हणाले. "कशाच्या जोरावर? एवढं सांग, गोवर्धन, मी कागद फाडतो. नाहीतर इथं अंगठा दे."

गोवर्धनला मंडळ मोडायचं नव्हतं. मंगळवारच्या सभेवाचूनचा आठवडा कसा असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे येईना. पण उत्तरही सापडेना. बायको मोट हाकत होती, थारोळ्यातलं पाणी पाटाला लागलं होतं. त्याकडे पाहता पाहता त्याला आयर्लंड दिसू लागलं.

हा देश त्याने बारा वर्षांत घरच्या घरी वसवला होता. सगळीकडे मेथीचा हिरवा रंग, वर मोर्णेवरचं पहाटेचं धुकं. एका बंडखोराला शिपायांनी धरून नेलं होतं आणि त्याची बायको दारात उभी होती. धुक्यातून एकेक शेजारी येत होता, खांद्यावर फावडं. कोणी बोलत नव्हतं. बोललं असतं तरी गोवर्धनला काय कळणार होतं. ते मुकाट्याने वाफ्यात उतरत होते आणि बटाटे निघत होते नारळाएवढे.

"भाऊजी," पलीकडच्या मळ्यातून रुख्मिणीने हाक दिली. "पानी इकडे कवा सोडता?"

गोवर्धन उठला. फावडं उचललं.

"ठराव राहिला," उत्तमराव म्हणाले.

"वांगे थांबत नाहीत, वकीलसाहेब. तिचा सूर्यभान आत हाय. मंगळवारचं पानी त्याच्या वाफ्याले."

रुख्मिणीचा नवरा सूर्यभान चौघांतलाच एक. सत्याग्रहात सरकारी रानातलं गवत कापलं म्हणून तुरुंगात बसला होता.

"हे कधीपासून चाललंय?"

"श्रावनापासून. त्याच्या आंधी मी आत होतो, तवा तो माया वालाच्या वाफ्याले पानी देत होता."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच. मानूस आत गेला की तिकडं शेजारी त्याचे बटाटे काढतात, असं वाचलं होतं तुमी. बाकीचं काई समजलं नाही आमाले."

"सभा मंग घ्या," रुख्मिणी म्हणाली. "सभा कुठी जात नाही."

उत्तमरावांनी ठरावाचा कागद उचलला. मग त्याचे चार तुकडे करून ते पागोट्यात खोचले, धोतर वर घेतलं आणि पाटात उतरून, पाणी वाफ्याकडे वळवायला, दारं धरून उभे राहिले. पाणी पायांवरून सावकाश सूर्यभानच्या वांग्यांकडे निघालं. ऊन कोवळं होतं. बैलही थांबले.

"गोवर्धन," उत्तमराव म्हणाले. आवाज १९२० सालचा होता. गोवर्धन फावडं टेकवून ताठ उभा राहिला.

"मंडळाच्या वतीनं तुला एक विनंती आहे."

"सांगा."

"माझी एक खडाव पाटातून खाली चालली आहे. तेवढी अडव."