येते. मरते.

आमची नात कॉलेजात गेली आणि पहिल्याच वर्षात मेली. बरं, एकदा मरून गप्प बसावं की नाही? ही रोज संध्याकाळी माझ्या बैठकीच्या खोलीत, सोफा आणि टीव्हीच्या मधे उताणी पडून मरायची. मला टीव्ही लावायचा तर मढं ओलांडून जावं लागायचं.

नाटकात हो. घाबरू नका.

ही माझ्या लेकीची लेक. कॉलेज जवळ पडतं म्हणून माझ्याकडे राहते. आल्या आल्या तिला गिटारचं वेड लागलं. ती अशी वाजवायची की खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई औषधाची बाटली घेऊन वर आल्या, कोणाच्या पोटात दुखतंय म्हणून. मग मातीची भांडी. मला एक कप करून दिला, त्याला तळच नव्हता. मी म्हटलं, "अगं, चहा कुठे थांबणार?" तर म्हणते, "आजी, तो कप नाही, विचार आहे." मग पहाटे धावणं सुरू झालं. म्हणजे पहाटे गजर व्हायचा, सगळी बिल्डिंग जागी व्हायची, काही जण खरंच धावायलाही लागले. ही झोपलेली.

पण नाटकाचं तसं नव्हतं. नाटक तिला मनापासून हवं होतं. आवाज तर असा आहे तिचा, की जिन्यातून "आजी" म्हणाली तर गच्चीवरची कबुतरं उडून पलीकडच्या गल्लीत राहायला जातात. त्या आवाजावरच तिची निवड झाली. आईला फोन करून सांगितलं, "आई, एकांकिका स्पर्धा आहे, मुख्य काम माझं!" लेक खूश, जावई खूश, दोघांनी यायचं ठरवलं. आणि चार दिवसांनी कळलं की मुख्य काम पडदा उघडल्यावर मिनिटभरात मरतं आणि शेवटपर्यंत मेलेलंच राहतं.

ही अक्कल दिग्दर्शकाची. त्याला सगळे दाढी म्हणायचे. हनुवटीवर मोजून चौदा केस. पंधरावा परीक्षेत नापास झाला असावा. भर उन्हात गळ्यात मफलर, खांद्याला झोळी आणि झोळीत काही नाही. हा कॉलेजात इतकी वर्षं होता की याच्याबरोबर शिकायला बसलेली मुलं आता याला शिकवत होती.

नाटक त्याने लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं लेखकूने. लेखकू म्हणजे एक किडकिडीत मुलगा. त्याने फोनवरच नाटक लिहिलं, ग्रुपवर टाकलं आणि दुसऱ्या गावच्या कॉलेजात निघून गेला. नाटक मराठीच, पण अक्षरं इंग्रजी. ही सगळी मुलं अशीच लिहितात. मराठी अक्षरं शोधायला म्हणे वेळ जातो. वेळ वाचवून करतात काय, ते मात्र विचारू नका.

तर गोष्ट एका ऑफिसातली. साहेब सगळ्यांदेखत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या एका मुलीला नको ते बोलतो. ऑफिस ऐकत राहतं. मग लेखकूने लिहिलंय, "ती येते. मरते."

दाढीला हे वाचून भरूनच आलं म्हणे. "काय थेट लिहिलंय! येते. मरते. बाईचं अख्खं आयुष्य दोन शब्दांत!" बाकीची पोरं मान डोलवत बसली. एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही की बाबा, कशाने मरते? हार्ट बंद पडलं, शॉक लागला, घसरून पडली?

पुढचे संवाद तर ऐकाच. मुलगी मरून पडल्यावर साहेब म्हणतो, "इतक्या लोकांसमोर?" दाढीने समजावलं, मरण आता खाजगी राहिलेलं नाही. शिपाई म्हणतो, "साहेब, बर्फ आणू का?" दाढी म्हणे, प्रेत टिकवायला. साहेब विचारतो, "सूज दिसतेय का?" ती समाजाची सूज. शेवटी साहेब प्रेतापाशी वाकून विचारतो, "पुन्हा मरशील?" आणि ती म्हणते, "पुन्हा बोललास तर पुन्हा मरीन." इथे दाढी प्रत्येक तालमीला रडायचा. साहेबाचं काम त्याचंच होतं ना.

आता तुम्ही म्हणाल, निदान एक वाक्य तरी होतं पोरीला. तेही गेलं. "मेलेला माणूस बोलेल कसा?" दाढी म्हणाला. एवढा एकच व्यवहारी विचार त्याला सुचला, तो नेमका हिच्या मुळावर आला. ते वाक्य त्याने आपल्या खास मैत्रिणीला दिलं. तिने पडद्यामागून माइकवर बोलायचं. तिला आत्मा म्हणायला लागले. आत्म्याचा आवाज असा बारीक, की डाससुद्धा म्हणेल, ताई, जरा मोठ्याने.

नात घरी आली, चपला काढल्या, आणि नळ सोडून तोंड धूत राहिली. मी बाहेरून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. साबण गेला डोळ्यात."

साबण तर माझ्या हातात होता, नवीन, वेष्टनातला.

पण मेलेल्याचंही काम नीट करायचं म्हणून घरी सराव. मी साहेब, शिपाई, ऑफिस, सगळं वाचायचं आणि हिने श्वास रोखून पडायचं. मेली मात्र इतकं छान, की शेजारची मांजर येऊन तिच्या पोटावर बसली आणि दोन पिल्लं घालून गेली.

एकदा मी चष्मा चढवला आणि तिच्या फोनवर अक्षर अक्षर लावत वाचलं, "ती येते. मारते."

जमिनीवरून प्रेत म्हणालं, "मरते, आजी."

"कोण म्हणतं?"

"दाढी म्हणतो."

"इथे दाढी कुठे लिहिलीय? एम ए आर. मर वाच नाहीतर मार वाच."

प्रेताने एक डोळा उघडला. मी पुढे वाचत गेले. "इतक्या लोकांसमोर? बर्फ आणू का? सूज दिसतेय का? अगं ए ठोंबे, तिने त्याच्या थोबाडीत मारलीय! गालाला बर्फ लावतात, मढ्याला नाही!"

ती ताडकन उठून बसली. फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि तोंडातल्या तोंडात वाचत गेली. "पुन्हा मारशील?... पुन्हा बोललास तर पुन्हा मारीन." मग मोठ्याने, "पुन्हा मारीन!" वरच्या मजल्यावर काहीतरी फुटलं.

"आजी, हे माझं वाक्य आहे. आत्म्याचं नाहीच आहे. मी मरतच नाही!"

"लाव लेखकूला फोन."

"असा एकदम फोन नाही करत कोणी. ते बरं दिसत नाही."

बघा. कोणाला न विचारता मुलगी मारून टाकणं बरं दिसतं, फोन करणं दिसत नाही. तिने मेसेज केला. ती मरते की मारते? तोही त्याच अक्षरांत! लेखकूचं उत्तर आलं, "marte." इंग्रजी अक्षरांत. आम्ही दोघी त्या शब्दाकडे बघत बसलो. तो पुन्हा मर नाहीतर मार. मग ती शरम सोडून फोनच करायला लागली, तर याने उचलला नाही, एक पिवळं हसरं तोंड पाठवलं. पुढचं शिक्षण घ्यायला गेलाय म्हणे तो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा हॉल मिळाला नाही म्हणून तालीम आमच्याच घरी होती. दाढी सोफ्यावर चपलांसकट मांडी घालून बसला. नातीने सगळं सांगितलं. गाल, बर्फ, सूज, एकेक करून. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शिपायाचं काम करणारा तर "आयला, खरंच की!" म्हणाला.

दाढी क्षणभर पांढरा पडला. मग मफलर सारखा करत म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मुद्दाम मरते घेतलं. मारणं काय, कोणीही दाखवेल."

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "अरे, पण मग बर्फ कशाला?"

"आजी, तुमची पिढी सारखा अर्थ शोधते."

"आणि तुमची?"

"आम्ही अवकाश शोधतो."

"मग सोफ्यावरून उठ, माळ्यावर भरपूर आहे."

पोरं हसली. ते त्याला लागलं. नातीकडे वळून म्हणाला, "हे बघ, तुला मरायचं नसेल तर तसं सांग. प्रेत काय, दोन उशांवर चादर टाकली तरी चालेल. स्पर्धा तोंडावर आहे, मला वाद नकोत."

आत्मा कोपऱ्यात नखं बघत होती. नात सरळ खाली आडवी झाली आणि डोळे मिटले. तिच्या पापणीखालून ओघळलेलं मला दिसलं, दाढीला नाही दिसलं. तो अवकाश शोधत होता.

मी चहा केला. त्याच्या कपात साखर घालायला विसरले. मीठ घालायला नाही विसरले. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वेगळा आहे." पूर्ण प्यायला! अशा माणसाचं काय करणार तुम्ही?

स्पर्धेच्या दिवशी लेक आणि जावई आले. मी मधे बसले. जावईबापूंनी विचारलं, "मुख्य काम म्हणजे किती वेळ आहे ती स्टेजवर?"

"शेवटपर्यंत हलत नाही," मी म्हटलं. खोटं थोडीच होतं?

पडदा उघडला. चार खुर्च्या, एक टेबल, निळा उजेड. निळा उजेड टाकला की प्रेक्षकाला काही समजत नाही आणि तो घाबरून टाळ्या वाजवतो, एवढं या मुलांना बरोबर कळलंय. दाढीने साहेबाचा कोट घातला होता, मफलर तेवढा ठेवला होता. तो टेबलावर बसून मुलीला नको ते बोलला. माझी नात कॉम्प्युटरपुढून उठली.

तालमीत ती अशी उठायची की अर्ध्या वाटेतच गुडघे वाकायचे, मग हात, मग मान. या वेळी गुडघे वाकले नाहीत. सरळ चालत गेली, दाढीच्या समोर उभी राहिली, आणि ठेवून दिली एक.

त्या आवाजाने बाहेर लावलेल्या सगळ्या स्कूटरचे हॉर्न आपोआप वाजले. लेक म्हणते, असं काही झालं नाही. तिचं लक्ष नव्हतं.

दाढी टेबलावरून खाली आला. मफलर एका कानावर गेला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, अख्खा हॉल त्याच्याकडे बघतोय. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "इतक्या... इतक्या लोकांसमोर?"

शिपाई तर ट्रेमधे ग्लास घेऊन तयारच होता. त्याला तेवढंच पाठ. तो पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, बर्फ आणू का?"

हॉल जो फुटला म्हणता! मागच्या रांगा उभ्या राहिल्या. दाढीने गालावर हात ठेवला आणि खरोखरच कळवळून विचारलं, "सूज दिसतेय का?" एक बाई समोरून ओरडली, "दिसतेय, दिसतेय!" आजवर जे संवाद त्याला पायरी पायरीने समजावून सांगावे लागायचे, ते आता आपापल्या जागी जाऊन बसत होते. आणि बिचाऱ्याला थांबता येईना, कारण दुसरं काही पाठच नव्हतं.

शेवट आला. तो दोन हात लांब उभा राहून, मान मागे घेऊन म्हणाला, "पुन्हा... मारशील?" मारशील म्हणाला बरं का. दीर्घ मा. जीव जायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घ आपोआप येतं.

पडद्यामागे माइक खरखरला. आत्म्याने श्वास घेतलेला ऐकू आला. मी खुर्चीची कड घट्ट धरली. ही आता चिरकणार आणि माझ्या पोरीचं वाक्य पुन्हा घालवणार. पण माइकवरून नुसतंच "आँ?" असं आलं, आणि तेवढ्यात नात बोलली. माइकशिवाय.

"पुन्हा बोललास तर पुन्हा मारीन."

शेवटच्या रांगेतल्या, दाराबाहेरच्या, आणि मला वाटतं बसस्टॉपवरच्याही माणसांना ऐकू गेलं. जावईबापू चष्मा पुसायला लागले. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "धूळ आहे इथे." घराणंच असलं आहे.

आता निकालाचं ऐका. परीक्षक एक गोल गृहस्थ होते, दाढी नसलेले दाढीच म्हणा ना. त्यांनी दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस दाढीला दिलं. हो, दाढीला! "संहितेतला शब्द न् शब्द दिग्दर्शकाने किती नेमका ओळखला आहे," म्हणाले. आणि हा बेशरम, गालावर पाच बोटं घेऊन, स्टेजवर जाऊन ढाल घेतो आणि म्हणतो, "मी पहिल्या दिवसापासून या थपडेवर काम करत होतो."

माझ्या नातीला बक्षीस नाही. पण परीक्षकांनी तिलाही वर बोलावलं आणि विचारलं, "बेटा, थप्पड फारच खरी वाटली. किती तालमी केल्यात तिच्या?"

दाढी मधेच म्हणाला, "सर, महिनाभर..."

"एकही नाही, सर," नात म्हणाली. कबुतरं उडतील अशा आवाजात. "आज पहिल्यांदाच केली. आता करायची का तालीम?"

परीक्षक हसले, लोक हसले. दाढीने ढाल गालासमोर धरली आणि हळूहळू मागे सरकत पडद्यात गेला. अवकाश शोधायला.