यादीत एकही नाव नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दौंडच्या एका लहानशा रक्तपेढीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी अकरा वर्षे काम करतो आहे. माझा पंखा आता घरघरतो. कीबोर्डवरची दोन अक्षरे पार पुसली गेली आहेत.

पुण्याच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. खोक्यात बसून एसटीने मी इथे आलो, तेव्हा मला हार घातला होता. पुढे नवे संगणक आले आणि मला कोणी पुसेनासे झाले. फक्त पाटसहून रोज येणाऱ्या सुवर्णाताई सकाळी माझ्यावरची धूळ झटकत. नोंदी करणे आणि मला प्रश्न विचारणे हे त्यांचे काम.

माझ्या पोटात दोन तक्ते आहेत. एकात रक्तदात्याचा क्रमांक, नाव, गाव, रक्तगट आणि फोन. दुसऱ्यात प्रत्येक रक्तदानाची तारीख आणि त्या दात्याचा नुसता क्रमांक. त्या क्रमांकावरूनच दोन्ही तक्ते जुळतात. मला काही विचारायचे तर ते एसक्यूएल नावाच्या भाषेत लिहावे लागते. अशा प्रश्नाला क्वेरी म्हणतात.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी अकराला भागुबाई धापा टाकत आत आल्या. त्यांची सून प्रतिभा केडगावहून जवळच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी आली होती. मुलगी झाली, पण प्रतिभाचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट ओ निगेटिव्ह. आमच्याकडे त्या गटाची एकच पिशवी होती, ती लगेच गेली. आणखी हवी होती.

सुवर्णाताईंनी नेहमीची क्वेरी चालवली. ओ निगेटिव्ह गटाचे सगळे दाखव, पण गेल्या चार महिन्यांत रक्त दिलेल्यांच्या यादीत ज्यांचे क्रमांक आहेत, ते वगळ. एकदा रक्त दिले की चार महिने आम्ही पुन्हा घेत नाही.

मी उत्तर दिले. यादीत एकही नाव नाही.

ताईंनी पुन्हा चालवली. पुन्हा तेच. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. दाता मिळत नसेल तर पेशंटला पुण्याला हलवतो, पण वाटेत काय होईल ते सांगता येत नाही, असे ते म्हणाले.

"ताई, नावं हायत का न्हाई?" भागुबाईंनी विचारले.

"मावशी, संगणक न्हाई म्हणतोय. पर मला ते पटंना. मला जरा बघू द्या."

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. पण माझे उत्तर चुकीचे होते, आणि ते सांगायला मला तोंड नव्हते.

ताईंनी मोठी क्वेरी बाजूला ठेवली आणि लहान लहान प्रश्न विचारले. ओ निगेटिव्ह एकूण किती? अकरा. त्यांतल्या किती जणांनी चार महिन्यांत रक्त दिले? चार. म्हणजे सात नावे यायला हवी होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आता त्यांनी दुसऱ्या तक्त्यातल्या अशा ओळी मागितल्या, ज्यांत क्रमांकच नाही.

एक ओळ आली. दोन दिवसांपूर्वीच्या शिरूरच्या शिबिरातली. तारीख होती, पिशवीचा नंबर होता, दात्याच्या क्रमांकाची जागा रिकामी.

रिकामे म्हणजे शून्य नव्हे. रिकामे म्हणजे माहीत नाही. प्रत्येक नावापाशी मी अडत होतो. तो न लिहिलेला क्रमांक याचाच तर नसेल? खात्री देता येईना, म्हणून मी सगळ्यांनाच गाळले.

ताईंनी क्वेरी नव्याने लिहिली. ज्या दात्याच्या क्रमांकावर चार महिन्यांत एकही नोंद नाही, असे दाखव. रिकामी ओळ कोणाच्याच क्रमांकावर नव्हती, म्हणून ती आता आड आली नाही. पडद्यावर सात नावे उमटली.

पहिला फोन बंद होता. दुसऱ्याला ताप होता. तिसरे नाव पाटसच्या भिमाचे. तो कारखान्याच्या रांगेत उसाचा ट्रॅक्टर घेऊन उभा होता.

"अलीकडं रक्त दिलंय का?" ताईंनी विचारले.

"गेल्या उन्हाळ्यात दिलतं. आता कुणाला पायजे?"

"बाळंतीण हाय, केडगावची."

"ट्रॅक्टर कुणाच्या तरी ताब्यात देतो आन् निघतो."

अर्ध्या तासात तो मोटरसायकलवर आला. हातापायांना उसाचा पाला चिकटलेला. त्याने रक्त दिले, तपासण्या झाल्या, पिशवी गेली. दुपारी तीनला डॉक्टरांनी कळवले, रक्तस्राव थांबला. भागुबाई जमिनीवरच बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

"मावशी," ताई त्यांच्याजवळ बसून म्हणाल्या, "ती जागा मीच रिकामी ठेवली व्हती. शिबिरात गर्दी व्हती, नंतर भरीन म्हणलं. माझ्यामुळं उशीर झाला."

भागुबाईंनी ताईंचा हात धरला. मग म्हणाल्या, "पर तुम्ही थांबला न्हाई."

दुसऱ्या दिवशी पिशवीच्या नंबरावरून शिबिराच्या रजिस्टरमध्ये दात्याचे नाव शोधून सुवर्णाताई शिरूरला गेल्या. रक्त देणारे होते रखमाजी, शेवंतीची शेती करणारे. ताईंनी त्यांना विचारून सगळी माहिती भरली. आता क्रमांकाशिवाय नोंद मी स्वीकारतच नाही, तशी सोय ताईंनी माझ्यात केली आहे.

माझे दिवस आता थोडे राहिले आहेत, मित्रांनो. माझ्या जागी नवा येईल तेव्हा त्यालाही पुसत जा. आणि तो कधी "एकही नाव नाही" म्हणाला, तर लगेच उठून जाऊ नका. खुर्ची जवळ घ्या आणि त्याला वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारा.