पंचपाळ्यातली निळी गोळी

मी एक जुना निळा रंग आहे, खाण्याचा. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. मला चव नाही, वास नाही आणि गुण तर औषधालाही नाही. सरबतात, बर्फीत, गोळीच्या अंगावर चिमूटभर उतरायचे, एवढेच माझे काम. मुले निळी जीभ काढून दाखवतात तेव्हा मला धन्य वाटते. मोठी माणसे मात्र माझे डोके उठवतात.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातले गोपाळकृष्णकाकाच घ्या. पूर्वज दरबारात कारकून, त्यामुळे घरात टापटीप फार. पत्नी उषाताईंच्या गोळ्या आल्या की काका त्या एकूण एक सोलून हळदीकुंकवाच्या जुन्या पितळी पंचपाळ्यात भरत. पाकिटे नावांसकट केरात जात. निळी रक्तदाबाची, सकाळी. पांढरी झोपेची, रात्री. म्हणजे नावाचे काम माझ्या गळ्यात. मला विचारले होते कोणी?

मागच्या महिन्यात औषधवाला म्हणाला, “अंकल, दोनों की कंपनी बदली है. नाम देखकर खिलाइएगा.”

काका “हो, हो” म्हणाले आणि घरी येऊन सोलायला बसले. नव्या कंपनीने मला झोपेच्या गोळीवर चढवले होते; रक्तदाबाची गोळी आता पांढरी होती.

“अहो, ही जरा छोटी दिसतेय,” उषाताई म्हणाल्या.

“निळी आहे ना? मग तीच. घे चुपचाप.”

मी काय बोंब मारणार? तीन दिवस त्या भर सकाळी पेंगत राहिल्या. चौथ्या दिवशी जिन्यावर तोल गेला आणि मनगट मोडले.

डॉक्टरांनी विचारले, “कौन सी दवा चल रही है?”

“नीली वाली,” काका म्हणाले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला हात असते तर मीही लावला असता.

सून सीमंतिनीने दुकानातून नवी पाकिटे आणून काकांपुढे ठेवली. “बाबा, नाव वाचलं का नाही तुम्ही? साफ लिखा है इधर.”

काकांनी पाकीट जवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. मग म्हणाले, “अक्षरं दिसत नाहीत गं. वर्ष झालं. रंग तेवढा कळतो.”

वर्षभर! माझा संताप संताप झाला. उषाताई मात्र प्लास्टरचा हात सावरत शांतपणे म्हणाल्या, “मला दिसतं की. मी वाचलं असतं.”

काकांनी पाकीट त्यांच्यापुढे सरकवले.

मित्रांनो, मला जिभेवर खुशाल मिरवा, पण माझ्यावरून औषध ओळखू नका. नाव वाचा. दिसत नसेल तर घरात तसे सांगा. मी गोळीवर बसून ओरडू शकत नाही; तुम्हाला तर बोलता येते.