चालू स्थितीतील नळ

"सदर गल्लीत सार्वजनिक नळ चालू स्थितीत असतानाही मयत महिला पाण्यासाठी रेल्वेरूळ ओलांडून गेली, सबब अपघातास तिचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे."

मुकुंदवाडी स्थानकामागच्या गल्लीत राहणाऱ्या प्रांजलीच्या मृत्यूवर पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने दिलेला हा अभिप्राय. वाक्याची बांधणी निर्दोष आहे. 'सबब' तर असा बसवला आहे की त्यापुढे वाद घालणे असभ्य वाटावे. दोष एकच: गल्लीत नळ नव्हता.

होते ते नळाचे सोंग. दुष्काळाच्या आदल्या वर्षी एका चित्रपटाच्या मंडळींनी ही गल्ली घेतली, भिंती निळ्या रंगवल्या आणि नायिकेने घागर भरावी म्हणून प्लायचा ओटा ठोकून, त्याला सिमेंटचा रंग देऊन, वर पितळी तोटी बसवली. भिंतीमागच्या टँकरमधून एका दृश्यापुरते पाणी वाहिले. टँकर गेला, ओटा राहिला. पुढे पाऊसच न झाल्याने प्लायदेखील कुजले नाही. उन्हाळ्यातल्या पाहणीत गल्लीला 'नळ आहे' असे ठरले आणि रहिवाशांचा टँकर वाढत्या शहराच्या नव्या वसाहतींकडे वळला. पाणी उरले ते रुळांपलीकडच्या एका बोअरला. प्रांजली तिकडूनच परतत होती. भरल्या कळश्या डोक्यावर असताना मान वळवून पाहता येत नाही, पाणी सांडते. तिने सांडू दिले नाही. अभिप्रायाच्या भाषेत यालाच निष्काळजीपणा म्हणतात.

तिची सासू मंजुळाबाई, मेंढरे विकून शहरात आलेली. तिने कार्यालयाचे उंबरे झिजवले ते त्या एका शब्दासाठी. तो खोडून हवा होता.

दरम्यान चित्रपट गाजला. आता दर रविवारी केयूर नावाचा तरुण गुलमंडीपासून या गल्लीपर्यंत हौशी मंडळींना पडद्यावरचे रस्ते दाखवत हिंडवतो. अशा एका रविवारी मीही त्यात होतो. म्हणून पुढचे ऐकीव नाही. त्याच मंडळींत अभिप्राय लिहिणारे विश्वजितराव होते, पत्नी चारुताबाईंसह.

"इथंच ती घागर भरते," केयूर म्हणाला.

"अहो, पाणी तर तुमचंच खातं! सोडा की जरा," चारुताबाईंनी मोबाइल रोखला. "फोटोत धार आली पाहिजे."

विश्वजितरावांनी तोटी फिरवली. ती फिरली, फिरतच राहिली आणि शेवटी त्यांच्या हातात आली.

सगळे खो-खो हसले. केयूरचा हा हमखास हशा होता. "सगळेच फसतात, सर! मागं पाइपच नाय. पिक्चरचा माल आहे."

विश्वजितराव तेवढे हसले नाहीत.

समोरच्या दारातून मंजुळाबाई उठली. हा चेहरा तिने टेबलापलीकडे पुष्कळदा पाहिला होता.

"या सायेब, चा टाकते. पानी तेवढं तुमच्या नळाचं आना."

हा सहलीचाच भाग समजून कोणीतरी टाळी वाजवली.

"बाई, आज सुट्टी आहे. उद्या कार्यालयात या."

"लई उद्या झाले. मला दुसरं काय बी नको. माझ्या सुनंला निष्काळजी लिवलंय तुमी, तेवढं खोडा. नात साळंत जाती. मोठी झाल्यावर वाचंल ती."

"मी पाहणी करूनच लिहिलंय."

"व्हय? मंग तवा ही तोटी हातात कशी नाय आली?"

टाळी वाजवणारा आता रुळांकडे पाहत होता. चारुताबाईंनी मोबाइल खाली घेतला. "अहो, काय म्हणतेय ही?"

विश्वजितराव मंजुळाबाईशी बोललेच नाहीत. बोलले ते पत्नीशी, हातातली तोटी न्याहाळत. त्यांचे उत्तर एकही शब्द न बदलता देतो. अभिप्राय दुरुस्त करायचाच झाल्यास एवढा मजकूर पुरेल:

"मी उतरलोच नव्हतो गं. गाडीतून नळ दिसला. आणि ऊन फार होतं."